रात्री जागणाऱ्याचे ऋण

रात्री दोन वाजता, सारे घर झोपलेले असताना, सत्तर वर्षांपूर्वीचा एखादा विस्मृतीत गेलेला चित्रपट पाहत बसणे चांगले की वाईट? प्रश्न किरकोळ वाटेल. डॉक्टरांना विचाराल तर ते म्हणतील, डोळ्यांना वाईट आणि झोपेला त्याहून वाईट. घरातली वडील मंडळी म्हणतील, त्यापेक्षा नामस्मरण करा. मुले काहीच म्हणणार नाहीत, फक्त एकमेकांकडे पाहतील. जागणारा स्वतः म्हणेल, "काय करणार, वेळ मारतो झालं." या 'वेळ मारणे' शब्दप्रयोगापाशीच मी नेहमी अडखळतो. आपण खरोखर कुणाला मारत असतो? की आपल्याही नकळत कुणाला तरी थोडा वेळ जिवंत करत असतो?

ज्यांना झोप न येण्याचा अनुभव नाही अशा भाग्यवंतांसाठी थोडे सांगितले पाहिजे. खानवेलची रात्र शहरातल्या रात्रीसारखी नसते. सिल्वासाकडून येणारी शेवटची गाडी गेली की रस्ता निपचित पडतो. पावसाळ्यात साकरतोड नदीचा आवाज घरापर्यंत येतो, उन्हाळ्यात तोही नाही. वडिलांच्या शेवटच्या आजारात दोन वर्षे मी रात्री उठत असे. कधी औषधासाठी, कधी कूस बदलून देण्यासाठी, कधी नुसते हाक आली म्हणून. वडील गेले, हाक थांबली, पण उठण्याची वेळ शरीराने सोडली नाही. बरोबर दीड-पावणेदोनला डोळे उघडतात. कुणी बोलावलेले नसते, तरी माणूस हजर असतो.

अशा वेळी वाचन होत नाही, कारण वाचनाला मनाची पकड लागते. देवाचे नाव घ्यावे तर तेही झोप येण्यासाठी घेतल्यासारखे होते, आणि ते देवालाही आवडत नसावे. उरतो तो चित्रपट. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले. पुढे आमच्याकडे संच आला तेव्हा गच्चीवरचा अँटेना फिरवून फिरवून चित्र धरावे लागे, आणि चित्रापेक्षा मुंग्याच जास्त दिसत. नंतर व्हिडिओ कॅसेट आल्या, केबल आली, आता तर हातातल्या फोनवर हवा तो चित्रपट हव्या त्या घटकेला लागतो. मी आवाज अगदी बारीक ठेवतो, पुष्कळदा बंदच. नवे चित्रपट या वेळेला सोसत नाहीत, त्यांची घाई फार. जुना, काळा-पांढरा, ज्याचे नाव घरात कुणाला ठाऊक नाही असा चित्रपट मात्र रात्रीच्या चालीने चालतो.

दिवसा चित्रपट पाहताना आपले लक्ष नायक-नायिकेवर असते, पुढे काय होणार याकडे असते. रात्री दोन वाजता 'पुढे काय' याची फारशी फिकीर उरत नाही. मग नजर इतरत्र भटकते. बाजाराच्या दृश्यात मागून डोक्यावर पाटी घेऊन जाणारी बाई दिसते. दरबाराच्या दृश्यात तिसऱ्या रांगेतला भालदार नाक खाजवताना दिसतो. टांग्याचा घोडा कॅमेऱ्याकडे वळून पाहतो. यांची नावे श्रेयनामावलीत नसतात. त्या दिवशीची मजुरी घेऊन ती माणसे घरी गेली असतील, जेवली असतील, आणि आज त्यांच्यापैकी कुणी हयात नाही. त्यांच्या नातवंडांनाही बहुधा ठाऊक नसेल की आपली आजी तीन सेकंद पडद्यावरून चालत गेली होती. त्या तीन सेकंदांपुरती ती बाई पुन्हा चालते, आणि तिला पाहणारा या घटकेला जगात कदाचित मी एकटाच असतो.

इथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. ज्याच्याकडे दुसरे कुणी पाहत नाही, त्याच्याकडे पाहण्याचे आपल्यावर काही ऋण आहे का?

आपल्या परंपरेने माणसाच्या माथी जन्मतःच तीन ऋणे लिहिली: देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. पहिले यज्ञाने, दुसरे अध्ययनाने, तिसरे संततीने फेडायचे. या तिन्हींत धनको कोण ते ठाऊक असते. पडद्यावरून चालत गेलेली अनोळखी बाई यातल्या कुठल्याच खात्यात बसत नाही. ती आपली पूर्वज नाही, गुरू नाही, देव तर नाहीच. तिने आपल्याला काही दिलेले नाही. मग ऋण कसले?

याचे उत्तर शोधताना मला चित्रपटाच्या इतिहासाकडे वळावे लागते. खानवेलहून जव्हार ओलांडून पलीकडे गेले की त्र्यंबकेश्वर लागते. तिथे १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. त्यात तारामतीचे काम करायला बाई मिळाली नाही, म्हणून मुंबईतल्या एका उपाहारगृहातल्या अण्णा साळुंके नावाच्या आचाऱ्याला लुगडे नेसवले. तो चित्रपट आज आपल्याकडे पूर्ण नाही. काही भाग उरला आहे, आणि तोही १९१३ चा की १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीचा यावर अभ्यासकांत वाद आहे. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूकपट 'सावकारी पाश' नाहीसा झाला. त्यात शेतकऱ्याची भूमिका तरुण व्ही. शांतारामांनी केली होती. १९३१ चा 'आलम आरा', आपल्या देशाचा पहिला बोलपट, त्याची एकही प्रत उरलेली नाही. आपल्याकडे हजाराहून अधिक मूकपट निघाले, त्यांतले हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच आज पूर्ण स्वरूपात आहेत.

हे सारे गेले कसे? थोडे आगीत गेले, कारण जुनी नायट्रेटची फिल्म बारुदासारखी पेट घेते. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत अशा जुन्या फिल्मांचा मोठा साठा जळाला. थोडे दमटपणाने कुजले. आणि पुष्कळसे आपल्याच हाताने गेले: फिल्मवर चांदीचा अंश असतो, तो काढून घेण्यासाठी रिळे विकली आणि गाळली गेली. दुष्टाव्याने कुणी केले नाही. चित्रपट चालून संपला, गोदामाचे भाडे चढत होते, चांदीला भाव होता. विस्मरणाचे काम बहुधा असेच चालते. त्याला शत्रू लागत नाही, हिशेब पुरतो.

या हिशेबाविरुद्ध उभी राहिलेली काही माणसे होऊन गेली. पॅरिसमध्ये आँरी लांग्ल्वा याने १९३६ साली मित्रांबरोबर चित्रपटांचे संग्रहालय काढले. चांगले कोणते, टाकाऊ कोणते, हे आज ठरवणारे आपण कोण, मिळेल ते सारे जपा, असा त्याचा हट्ट. आपल्याकडे पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झाले, आणि पी. के. नायर यांनी ते अक्षरशः गावोगाव हिंडून उभे केले. फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेसुरले तुकडे हाती लागले ते त्यांच्या खटपटीमुळे. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. ती आज आपल्याला हसताना दिसते, कारण कुणीतरी त्या डब्याला कचरा मानायला नकार दिला. नायरही निवड करायला राजी नसत. सामान्य, फसलेला, हास्यास्पद चित्रपटसुद्धा ते ठेवून घेत. २०१६ साली ते गेले.

या दोघांच्या हट्टात मला एक नैतिक भूमिका दिसते. एखादी गोष्ट जपण्याजोगी आहे की नाही हे तिच्या गुणांवर ठरवायचे, असे आपण सहसा मानतो. ते म्हणत होते, ती होऊन गेली एवढे कारण पुरे आहे. घरात म्हाताऱ्या माणसाची सेवा आपण याच न्यायाने करतो. शेवटच्या दोन वर्षांत माझ्या वडिलांचा कुणाला काही उपयोग नव्हता. ते मला ओळखतही नव्हते. तरी कूस बदलायची होती. उपयोग पाहून केलेल्या सेवेला आपण सेवा म्हणत नाही.

आता आपल्या मुलखाकडे येतो. १९५४ साली राजा परांजपे यांचा 'ऊनपाऊस' प्रदर्शित झाला. एका शाळामास्तराची आणि त्याच्या बायकोची ही कहाणी. म्हातारपण आले, मुले मोठी झाली, आणि आईबापांना कुठे ठेवायचे हा प्रश्न उभा राहिला. संगीत सुधीर फडके यांचे. आजच्या तरुणांपैकी किती जणांनी तो पाहिला असेल, देव जाणे. त्याच १९५४ च्या जुलै महिन्यात, २१ आणि २२ तारखांच्या मधल्या रात्री दादरा पोर्तुगीजांच्या हातून सुटले. २८ तारखेला नरोली सुटले आणि २ ऑगस्टला सिल्वासा. सिल्वासा सोडवणाऱ्या तरुणांत स्वतः सुधीर फडके होते. या लढ्याला पैसा हवा होता म्हणून पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला, त्याच्या मागेही तेच होते. पोर्तुगीजांचा पोलीस अधिकारी कॅप्टन फिदाल्गो आपले शिपाई घेऊन मागे सरला तो आमच्या खानवेलकडे, आणि ११ ऑगस्टला सीमेपलीकडे उदवा येथे शरण आला.

म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, ऐन पावसात, फिदाल्गो आणि त्याची माणसे इथे होती. तेही रात्री जागले असतील. मायदेश समुद्रापलीकडे, वाटा बंद, बाहेर साकरतोडला पूर, आणि भोवती आपली नसलेली माणसे. त्यांना कुणी टिपून ठेवले नाही. आमच्या ज्या वारली, कोकणा, धोडिया आजोबा-आजींनी दारामागून त्यांना जाताना पाहिले असेल, त्यांनाही नाही. त्याच साली, त्याच संगीतकाराच्या नावाने निघालेला चित्रपट मात्र राहिला. इतिहासात काय उरावे आणि काय जावे याला न्याय नाही, योगायोग आहे. एका रात्री 'ऊनपाऊस'च्या सुरुवातीला फडक्यांचे नाव पडद्यावर आले तेव्हा मला हेच जाणवले: जे उरले आहे, ते न उरलेल्यांच्या वतीनेही उरले आहे. बाजारातली ती पाटीवाली बाई मी पाहतो, तेव्हा ज्यांच्यासमोर कॅमेरा कधी उभाच राहिला नाही अशा हजारोंची ती प्रतिनिधी असते. ऋण असलेच तर ते त्या बाईचे नाही. आपण ज्यांच्यामधून आलो त्या सगळ्या निनावी माणसांचे आहे, आणि त्यांतला धनको नेमका सापडत नाही म्हणून ते बुडवावे असे होत नाही.

इतके मांडल्यावर मनाला बरे वाटते. पण बरे वाटणारा विचार पुन्हा तपासून पाहावा. यावर एक जबरदस्त आक्षेप आहे. मेलेल्यांकडे पाहायला काही पडत नाही. पडद्यावरची बाई पाणी मागत नाही, पैसे मागत नाही, तिची पाटी उचलून द्यावी लागत नाही. तिच्याविषयी हळवे होणे हा जगातला सर्वांत स्वस्त हळवेपणा आहे. जागायचेच तर जिवंतांसाठी का जागू नये?

हा आक्षेप मला पुस्तकात भेटला नाही, कुंपणावर भेटला. आमचे शेजारी गुजराती आहेत. तीस वर्षांचा घरोबा, त्यांच्या घरची भाषा आमच्या मुलांना येते आणि आमची त्यांच्या मुलांना. एका सकाळी काका कुंपणाशी आले आणि म्हणाले, "मास्तर, तमारा घरमां आखी रात दीवो बळे छे. कोई मांदुं छे?" तुमच्या घरात रात्रभर दिवा जळतो, कुणी आजारी आहे का? मी म्हटले, "नाही काका, झोप येत नाही, सिनेमा बघतो." ते हसले. मग जाताना सहज बोलल्यासारखे म्हणाले की दोन-तीन रात्री तेही उठून बसले होते, यावे की न यावे याचा विचार करत.

खेड्यात रात्रीचा दिवा ही खासगी गोष्ट नसते. दिवा दिसला म्हणजे तिथे कुणीतरी अडले आहे: बाळंतपण, ताप, विंचू, मृत्यू. पाहणाऱ्याने जायचे असते. काका माझ्या खिडकीकडे पाहत होते, मी पडद्याकडे. दोघेही जागेच होतो. पण त्यांच्या पाहण्यात उठून येण्याची तयारी होती. माझ्या पाहण्यात तशी काही तयारी लागत नव्हती. दोन्हींना आपण 'पाहणे' म्हणतो खरे, तरी 'पाहायला जाणे' म्हणजे आजाऱ्याला भेटणे, हा अर्थ आपल्या भाषेने मुद्दाम वेगळा ठेवला आहे.

आणि मग ध्यानात येते की रात्री आपण एकटे कधीच जागे नसतो. सिल्वासाभोवती गेल्या चाळीस वर्षांत कारखाने उभे राहिले. सूत, प्लास्टिक, तारा, काय नाही. आमच्या पाड्यांवरची मुले तिथे रात्रपाळी करतात. रात्री दोनला त्यांना झोप येत असते आणि झोपता येत नसते. माझे नेमके उलटे. भाताचे पीक उभे असते तेव्हा रानडुकरांपासून ते राखायला कुणी माळ्यावर बसलेला असतो. दवाखान्यात परिचारिका असते. तान्ह्या मुलाची आई तर प्रत्येक पाड्यावर. यांच्या जागण्याला कारण आहे. आमच्याकडे विनाकारण जागणेसुद्धा पूर्वी एकट्याने होत नसे. जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा घ्या. देवांची सोंगे रात्रभर नाचतात आणि सारा गाव बसून पाहतो. तारपा सुरू झाला की फेर पहाटेपर्यंत चालतो. जत्रेतला तंबूतला सिनेमाही तसाच. फिल्म तुटली की सगळ्यांनी मिळून ओरडायचे. आज प्रत्येकाची रात्र आपापल्या हातातल्या चौकटीपुरती झाली आहे.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी कोजागरी येते. लक्ष्मी मध्यरात्री फिरते आणि विचारते, कोण जागे आहे? जो जागा असेल त्याला देते. लहानपणी मला वाटे की नुसते डोळे उघडे असले की पुरे. पण डोळे तर उल्लूचेही उघडे असतात, आणि तो तिचे वाहन असूनही त्याला काही मिळाल्याचे ऐकिवात नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही सगळ्यांच्या रात्रीत जागणाऱ्या माणसाचा उल्लेख आहे, आणि तिथेही झोप उडण्याला किंमत दिलेली नाही. तो कशाविषयी जागा आहे, याला आहे. देवीच्या प्रश्नाचा अर्थ मी आता असा लावतो: कोण जागे आहे, म्हणजे कुणाला दुसऱ्याची चाहूल लागते आहे?

या अर्थाने पाहिले तर माझ्या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर चित्रपटात सापडत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सापडते. तिसऱ्या रांगेतल्या भालदाराकडे लक्ष देण्याची सवय रात्री लागली, आणि सकाळी रेशनच्या रांगेतला तिसरा माणूस दिसला, तो काल का आला नव्हता हे विचारावेसे वाटले, तर रात्र सत्कारणी लागली. रात्रपाळीहून परतणाऱ्या मुलाला बसमध्ये डुलकी लागली आणि आपण खिडकीची जागा त्याला दिली, तर रात्र सत्कारणी लागली. तसे काही न होता आपण फक्त चिडचिडे आणि लाल डोळ्यांचे झालो, घरच्यांवर खेकसलो, तर मग आपण खरोखरच वेळ मारला, आणि जुन्या माणसांच्या नावाखाली मारला, हे अधिक वाईट.

पण म्हणून पडदा बंद करावा असे मला वाटत नाही. आक्षेप घेणाऱ्यांची एक गोष्ट सुटते. दिवसाचे आपले लक्ष फार व्यवहारी असते. ज्याच्याशी काम त्याच्याकडेच पाहायचे. काम नसलेल्या माणसाकडे पाहायला शिकण्यासाठी कुठेतरी जागा हवी. देऊळ ती होती, बोहाडा ती होता, आजाऱ्याची खोली ती होती. वडिलांच्या उशाशी बसून मी जे शिकलो ते त्यांच्यानंतर विसरून गेलो असतो. रात्री दोनचा बिनकामाचा चित्रपट मला त्याची उजळणी करायला लावतो. उजळणी म्हणजे परीक्षा नव्हे, हे शाळामास्तराला सांगायला नको; पण उजळणीशिवाय परीक्षा कोण देतो?

तेव्हा, वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांचे डोळे अवेळी उघडतात त्यांनी लाजू नये. जुना चित्रपट लावा, आवाज बारीक ठेवा, कडेच्या माणसांकडे पाहा. मध्येच एकदा उठून खिडकीपाशी जा आणि बाहेर कुणाकडे दिवा जळतो आहे का ते बघा. दिसला तर सकाळपर्यंत थांबू नका. आमच्या काकांना मी तसे सांगून ठेवले आहे: दिवा दिसला तर या, कुणी आजारी नसले तरी या. मागच्या महिन्यात ते आले होते. 'जगाच्या पाठीवर' चालू होता, अर्धा झाला होता. त्यांना मराठी गाणी सगळी कळत नाहीत, पण शेवटपर्यंत बसले, आणि आंधळ्या मुलीच्या प्रसंगाला त्यांनी चष्मा काढून पुसला.